वेस्ट इंडीजचें अल्पायुषी संघराज्य

३१ मे १९६२ ही तिथि वेस्ट इंडीजच्या लोकांसाठीं एक वर्ष आधींच मुक्रर झालेली होती. कॅरिबियन समुद्रांतील दहा ब्रिटिश वसाहतींचें एक संघराज्य झालें होतें आणि तें त्या दिवशीं स्वतंत्र व्हावें, असें १९६१ च्या जून महिन्यांत लंडनच्या परिषदेंत ठरलें होतें. ठरल्याप्रमाणें तो दिवस उजाडला. परंतु स्वतंत्र होण्यास संघराज्यच उरलें नाहीं. ब्रिटिश सरकारच्या हुकुमानें तें त्याच ३१ मेला विसर्जित झालें. ज्या मुहूर्तावर मुंज लागावयाची त्याच मुहूर्तावर उत्तरक्रिया उरकावी, तसा हा प्रकार झाला. या राज्याचा जन्म ३ जानेवारी १९५८ चा; म्हणजे त्याचें सारें आयुष्य साडेचार वर्षांच्याहि आंतलें. इतक्या अल्पकाळांत निमालेल्या राज्याची आठवण कोणीं कां ठेवावी, असा प्रश्न सहज मनांत येईल. परंतु टिकलेल्या राज्यांपासून माणूस जें शिकतो त्याहून निराळें असें कांहीं तो न टिकलेल्या राज्यांपासून शिकतो. आणि लहान मुलखांनीं एकत्र येऊन मोठें कसें व्हावें, हा प्रश्न तर जगांत अजून शिळा झालेला नाहीं.

श्रोत्यांनीं प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणावा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधल्या समुद्रांत बेटांची एक लांबच लांब माळ पसरलेली आहे. कोलंबस हिंदुस्थान शोधावयास निघाला आणि या बेटांना येऊन लागला, म्हणून त्यांना वेस्ट इंडीज हें उसनें नांव मिळालें. माळेच्या वायव्य बाजूस, क्यूबाच्या दक्षिणेला सुमारें नव्वद मैलांवर जमेका आहे. आग्नेय टोंकाला त्रिनिदाद दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यास जवळजवळ टेकलेलें आहे. या दोहोंमधील अंतर हजार मैलांहून अधिक. मुंबईपासून कलकत्ता त्याहून जवळ पडेल, आणि येथें तर मधला सारा रस्ता पाण्याचा. अंटिग्वा, सेंट किट्स, माँटसेरात, डॉमिनिका, सेंट लूशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा हीं लहान बेटें जमेकापासून दूर, पूर्वेच्या ओळींत आहेत, आणि त्यांच्याहि थोडें पूर्वेस एकटें पडलेलें बार्बाडोस. संघराज्याचे घटक ते हे दहा. त्यांचा मुलूख मिळून सुमारें आठ हजार चौरस मैल, वस्ती तीस लाखांच्या आसपास. आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलूख व निम्म्याहून अधिक माणसें एकट्या जमेकाचीं.

या बेटांचा पूर्वेतिहास एका शब्दांत सांगावयाचा तर तो साखर या शब्दांत सांगतां येईल. उंसाच्या मळ्यांसाठीं आफ्रिकेंतून लाखों माणसें गुलाम म्हणून आणलीं गेलीं. ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला, आणि खरीखुरी मुक्तता १८३८ मध्यें झाली. त्यानंतर मळेवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. १८४५ पासून १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्यें १ लाख ४० हजारांहून अधिक हिंदी मजूर मुदतीच्या करारावर नेण्यांत आले; त्यांतील बहुतेक संयुक्त प्रांत आणि बिहार या भागांतले. ही करारबंद मजुरीची पद्धति समूळ बंद करावी, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला. पुढें १९१७ मध्यें भरती थांबली, तेव्हां गोखल्यांना जाऊन दोन वर्षें झालीं होतीं.

मळ्यांच्या या इतिहासांतून पुढील गोष्टीस उपयोगी पडणारी एक खूण लक्षांत ठेवली पाहिजे. प्रत्येक बेटाची वाट मळ्यांतून बंदरावर आणि बंदरावरून थेट इंग्लंडकडे जात असे. साखर तिकडे जाई. कापड, हुकूम आणि गव्हर्नर तिकडून येत. शेजारच्या बेटाकडे जाणारी वाट बांधण्याचें कारण कोणासहि पडलें नव्हतें. एकाच राजाचे प्रजानन, एकच भाषा, एकच कायदा. तरी जमेकाचा मनुष्य बार्बाडोसच्या मनुष्याला भेटावयाचा तो बहुधा लंडनमध्यें, किंवा पनामाच्या कालव्याच्या कामावर.

इंग्रज सरकारनें एकीकरणाचा प्रयत्न पूर्वीं केला नव्हता असें नाहीं. १८७१ सालीं अंटिग्वा, सेंट किट्स वगैरे लीवर्ड बेटांचा एक संघ करण्यांत आला. पण तो खर्च वांचविण्यासाठीं. १८७६ सालीं बार्बाडोसला शेजारच्या विंडवर्ड बेटांशीं जोडण्याचा घाट गव्हर्नरानें घातला, तेव्हां तेथें दंगे उसळले आणि सरकारला तो बेत सोडावा लागला. विसाव्या शतकांत ही कल्पना लोकांच्या बाजूनें प्रथम जोरानें मांडणारा मनुष्य म्हणजे ग्रेनाडाचे थिओफिलस मॅरिशो. त्यांनीं १९१५ सालीं ‘वेस्ट इंडियन’ नांवाचें वर्तमानपत्र काढलें. बेटांनीं आपला कारभार आपण आणि तोहि एकत्र करावा, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास होता. लोकांनीं त्यांना संघराज्याचे जनक म्हटलें. संघराज्य झालेलें त्यांनीं पाहिलें, त्याच्या सेनेटमध्यें ते बसले, आणि १९५८ मध्येंच त्यांनीं देह ठेवला. त्याचा अंत पाहण्याचें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं.

मॅरिशोंच्या कल्पनेला बळ मिळालें तें मात्र मजुरांच्या असंतोषामुळें. १९३५ पासून १९३८ पर्यंत सेंट किट्स, त्रिनिदाद, बार्बाडोस आणि जमेका येथें एकामागून एक संप आणि दंगे झाले. मजुरी हलकी, घरें मोडकीं, मताचा अधिकार मूठभरांना. अशा स्थितींत एका बेटाची ठिणगी दुसऱ्यांत पडण्यास वेळ लागला नाहीं. त्या वणव्यांतून नवे पुढारी वर आले. जमेकांत दोघे उभे राहिले, आणि ते नात्यानें भाऊ लागत: नामांकित बॅरिस्टर नॉर्मन मॅन्ली आणि मजूरसंघाचे धिप्पाड, फर्डे पुढारी अलेक्झांडर बुस्टामांटे. बार्बाडोसमध्यें ग्रँटली अॅडम्स हे बॅरिस्टर पुढें आले. त्रिनिदादमध्यें कांहीं वर्षांनीं एरिक विल्यम्स यांचा उदय झाला; हे ऑक्सफर्डचे पदवीधर, इतिहासाचे पंडित, साखरेचा मळा आणि इंग्लंडची श्रीमंती यांचा संबंध उलगडून दाखविणाऱ्या ग्रंथाचे कर्ते. १९४७ सालीं जमेकांतील माँटेगो बे येथें परिषद भरली आणि संघराज्याचें तत्त्व मान्य झालें. पुढचीं दहा वर्षें समित्या, अहवाल आणि लंडनच्या वाऱ्या यांत गेलीं. १९५६ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला. ब्रिटिश गियाना आणि ब्रिटिश होंडुरस या मुख्य भूमीवरील वसाहती मात्र बाहेरच राहिल्या.

जें राज्य अखेरीस उभें राहिलें त्याची घडण पाहिली म्हणजे पुढचा इतिहास अर्धा समजतो. लोकसभेंत ४५ जागा होत्या. त्यांपैकीं जमेकाला १७, त्रिनिदादला १०, बार्बाडोसला ५, चिमुकल्या माँटसेरातला १, आणि उरलेल्या सहा बेटांना प्रत्येकीं २. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रजा ज्याची, त्या जमेकाच्या हातीं जागा मात्र निम्म्याहून बऱ्याच कमी. खर्चाची बाजू उलटी होती. संघाच्या खर्चाचा चार पंचमांशाहून अधिक भार जमेका आणि त्रिनिदाद या दोघांनीं उचलावयाचा होता. पहिलीं पांच वर्षें संघसरकारला प्राप्तीवरील कर बसविण्याचा अधिकार नव्हता; घटकांनीं ठरीव वर्गणी द्यावी आणि तींत त्यानें भागवावें. त्यामुळें मुख्य सरकार गरीब आणि घटक सरकारें श्रीमंत, असा विपरीत संसार मांडला गेला. पाया भरण्यापूर्वींच कळस चढविला होता. कळसाला गव्हर्नर जनरल होते, मुख्य प्रधान होते, राजकन्या मार्गारेट यांच्या हस्तें २२ एप्रिल १९५८ रोजीं उघडलेली पार्लमेंट होती. ज्या राजधानींत हें सर्व नांदावयाचें ती राजधानी तेवढी नव्हती.

राजधानीसाठीं त्रिनिदादमधील चागुआरामास ही जागा निवडली होती. पण दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडनें अमेरिकेकडून जुनीं लढाऊ जहाजें घेतलीं, त्या व्यवहारांत ही जागा ९९ वर्षांच्या कराराने अमेरिकेच्या आरमाराला दिलेली होती, आणि अमेरिका ती सोडण्यास तयार नव्हती. आपल्या भूमीवर आपली राजधानी बांधण्याची सोय नाहीं, हें शल्य घेऊन विल्यम्स यांनीं मोठी चळवळ केली. तोंपर्यंत संघसरकार पोर्ट ऑफ स्पेन शहरांत बिऱ्हाडकरूसारखें राहिलें.

याहून मोठी उणीव माणसांची होती. १९५८ च्या मार्चमध्यें पहिली निवडणूक झाली, तींत मॅन्ली उभे राहिले नाहींत, विल्यम्स राहिले नाहींत, आणि बुस्टामांटे हेहि राहिले नाहींत. आपण घर सोडलें तर मागें घर जाईल, ही भीति प्रत्येकाला होती. मॅन्लींच्या पक्षाला वाटलें कीं ते पोर्ट ऑफ स्पेनला गेले तर जमेका हातची जाईल. विल्यम्स यांचा पक्ष तर नुकताच सत्तेवर आलेला होता. इतकें सांभाळूनहि त्या निवडणुकींत जमेकाच्या १७ जागांपैकीं १२ आणि त्रिनिदादच्या १० पैकीं ६ विरोधी पक्षानेंच जिंकल्या. लहान बेटांच्या मतांवर अॅडम्स यांना थोडेसें बहुमत मिळालें आणि ते मुख्य प्रधान झाले. मनुष्य अनुभवी व सचोटीचा. पण ज्या दोन बेटांवर राज्याचा भार होता, त्यांचे धनी सभागृहाबाहेर होते.

मग भांडणें सुरू झालीं. त्याच वर्षीं अॅडम्स बोलून गेले कीं पांच वर्षांनंतर संघसरकार प्राप्तीवरील कर बसवूं शकेल, आणि तोहि मागील वर्षांपासून. जमेकांत एकच काहूर उठलें. जमेकाला बॉक्साइटची नवी संपत्ति मिळूं लागली होती आणि नवे कारखाने उभे राहत होते; तिला हलका, सैल संघ हवा होता. त्रिनिदादजवळ खनिज तेल होतें, आणि विल्यम्स यांना बळकट केंद्र, एक जकात, एक अर्थव्यवस्था हवी होती. पण लहान बेटांतील लोकांनीं मुक्तपणें कोठेंहि येऊन राहावें असा प्रश्न निघाला कीं त्रिनिदादच मागें सरे. तेलाच्या गांवीं सारीं बेटें लोटतील, अशी तिला धास्ती. एकाला करांची एकी नको, दुसऱ्याला माणसांची. त्रिनिदादमधील हिंदी वंशाच्या लोकांची वस्ती तेथील प्रजेच्या एक तृतीयांशाहून अधिक होती, त्यांच्या मनांत आणखी निराळी शंका होती. स्वतःच्या बेटांत ते एक मोठा समाज होते. आफ्रिकी वंशाची बहुसंख्या असलेल्या दहा बेटांच्या संघांत ते अगदींच थोडे पडले असते. ही शंका दूर करण्याचें काम कोणीं मनापासून केलें नाहीं.

१९६० च्या जानेवारींत मॅन्ली लंडनला गेले आणि जमेकाला एकटीनें स्वतंत्र होतां येईल काय, असें त्यांनीं वसाहतमंत्र्यांना विचारलें. येईल, असें उत्तर मिळालें. दार उघडें आहे हें एकदां कळलें कीं आंत बसणें ही सक्ति राहत नाहीं, मर्जी होते. त्याच वर्षाच्या मेअखेरीस बुस्टामांटे यांनीं आपला पक्ष संघराज्याच्या विरुद्ध असल्याचें जाहीर केलें. मॅन्ली यांनीं ताबडतोब सांगितलें कीं याचा निवाडा जनताच करील. कोणत्याहि कायद्यानें त्यांना सार्वमत घेणें भाग नव्हतें. पण लोकांना न विचारतां त्यांना स्वतंत्र राष्ट्रांत ढकलणें त्यांना रुचेना. १९६१ च्या लंडन परिषदेंत त्यांनीं जमेकासाठीं नव्या लोकसभेंत जवळजवळ निम्म्या जागा मिळविल्या, करांच्या बाबतींत सवलती मिळविल्या, आणि ते लोकांपुढें गेले.

१९ सप्टेंबर १९६१ रोजीं जमेकांत मतदान झालें. किंग्स्टन शहराच्या भागानें संघराज्याच्या बाजूनें कौल दिला. परंतु खेड्यापाड्यांतील शेतकरी व मळेमजूर यांना बुस्टामांटे यांचें म्हणणें पटलें होतें. ज्या बेटांचीं नांवेंहि कधीं ऐकलीं नाहींत, त्यांचा भार जमेकाच्या गरिबानें कां वाहावा? घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें, असेंच त्यांना वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. शेंकडा ५४ मतें विरुद्ध पडलीं, ४६ बाजूनें. दोहोंतील अंतर सुमारें ३९ हजार मतांचें होतें.

यानंतर विल्यम्स काय करतात इकडे सर्वांचे डोळे लागले. गणित त्यांनीं आपल्या पद्धतीनें मांडलें: दहांतून एक वजा केला असतां बाकी शून्य राहते. जमेका गेल्यावर उरलेल्या आठ बेटांचा भार एकट्या त्रिनिदादवर पडणार होता. डिसेंबरांत निवडणूक जिंकल्यावर १९६२ च्या जानेवारींत त्यांच्या पक्षानें एकट्यानेंच स्वतंत्र होण्याचें ठरविलें. सेंट लूशियाचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइस, ज्यांना पुढें १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं बेटोंबेटीं फिरून संघ वांचविण्याची खटपट केली. तिला यश आलें नाहीं. एप्रिलमध्यें पार्लमेंटनें विसर्जनाचा कायदा केला, आणि त्याच महिन्यांत जमेकाची निवडणूक हरून मॅन्ली सत्तेवरून गेले. ६ ऑगस्ट १९६२ ला जमेका आणि ३१ ऑगस्टला त्रिनिदाद स्वतंत्र झालें.

या मरणप्राय संघराज्याचें दर्शन त्याच वसंतांत हिंदी क्रिकेटपटूंनीं घेतलें. १९६२ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत हिंदुस्थानचा संघ त्रिनिदाद, जमेका आणि बार्बाडोस या तिन्ही ठिकाणीं कसोटी सामने खेळला. राज्य मोडत होतें, पण समोरचा संघ एकच होता, आणि त्याचे कर्णधार फ्रँक वॉरेल हे बार्बाडोसमध्यें जन्मून जमेकांत स्थायिक झालेले. बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून प्राणांशीं गांठ पडली, तेव्हां वॉरेल यांनीं आपलें रक्त दिलें. रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर हेहि होते. पार्लमेंटला जें साधलें नाहीं तें अकरा खेळाडूंना साधत होतें, कारण ते वर्षानुवर्षें एकत्र प्रवास करीत, एकत्र हरत आणि एकत्र जिंकत आले होते.

त्या ३९ हजारांच्या निम्मीं, म्हणजे सुमारें वीस हजार माणसें त्या दिवशीं दुसऱ्या बाजूस वळलीं असतीं तर? अशा प्रश्नाचें उत्तर फार सावधपणें दिलें पाहिजे. जकात, कर, वसाहतीचा हक्क आणि हिंदी समाजाची शंका हे प्रश्न एका मतदानानें सुटले नसते. बुस्टामांटे पुढची निवडणूक जिंकून तोच वाद पुन्हां उकरते, हेंहि संभवनीय आहे. तथापि एक गोष्ट निश्चित: ३१ मे १९६२ रोजीं दहाहि बेटें एकदम स्वतंत्र झालीं असतीं. प्रत्यक्षांत काय झालें? मोठ्या दोघांना स्वातंत्र्य त्याच वर्षीं मिळालें. बार्बाडोसला १९६६ पर्यंत थांबावें लागलें, ग्रेनाडाला १९७४ पर्यंत, डॉमिनिकाला १९७८ पर्यंत, सेंट लूशिया व सेंट व्हिन्सेंट यांना १९७९ पर्यंत, अंटिग्वाला १९८१ पर्यंत आणि सेंट किट्सला १९८३ पर्यंत. माँटसेरात तर अजूनहि ब्रिटनच्याच ताब्यांत आहे. वडील भावांनीं वांटणी मागितली, तिची किंमत धाकट्यांनीं वीस-वीस वर्षें भरली.

असें असूनहि सर्वच बुडालें नाहीं. १९४८ सालीं जमेकांत स्थापिलेलें विद्यापीठ संघराज्य मोडल्यावरहि साऱ्या बेटांचें सामाइक राहिलें. १९७३ च्या ४ जुलैला जमेका, त्रिनिदाद, बार्बाडोस आणि गियाना यांनीं सामाइक व्यापाराचा तह केला, आणि तो करण्यास जागा निवडली तीहि चागुआरामास. जेथें राजधानी व्हावयाची होती, तेथें तह झाला. या वेळीं पार्लमेंट आधीं नव्हती, व्यवहार आधीं होता.

कॅनडानें १९६१ सालीं संघराज्याला दोन आगबोटी भेट दिल्या होत्या: ‘फेडरल मेपल’ आणि ‘फेडरल पाम’. मेपल हा कॅनडाचा वृक्ष, पाम हा बेटांचा. ज्या राज्याचें नांव त्यांच्या कपाळीं होतें तें वर्षभरांत नाहींसें झालें, पण बोटी थांबल्या नाहींत. त्या पुढें कित्येक वर्षें जमेकापासून त्रिनिदादपर्यंत एकेका बंदराला लागत गेल्या. उतारू आणि माल या बेटावरून त्या बेटावर नेत राहिल्या. इंग्लंडकडे जाणाऱ्या वाटा तीन शतकें वाहत होत्या. शेजाऱ्याकडे जाणारी वाट पडावयास नुकती सुरुवात झाली होती. तीस वर्षें आधीं ती पडली असती, तर दहांतून एक वजा करण्याची वेळ कदाचित् आली नसती.